संसार, नोकरी आणि स्वतःवरचा भरवसा

नागपूरच्या कोणत्याही मोठ्या सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत एका प्रकारचा अर्ज सगळ्यांच्या परिचयाचा असतो. वर्षानुवर्षे एकाच पदावर काढलेला कर्मचारी, ज्येष्ठता यादीत नाव वर आल्यानंतर, हाती आलेली पदोन्नती लेखी नाकारतो आणि कारण म्हणून ‘कौटुंबिक अडचणीमुळे’ एवढेच लिहितो. शाखेने त्याहून अधिक विचारावे असा नियम नाही, आणि असूही नये. नकाराची नोंद होते, यादीतल्या पुढच्या माणसाला पद मिळते आणि विषय तिथेच संपतो. खासगी क्षेत्रात असा कागदही तयार होत नाही. मिहानमधल्या संगणक कंपनीतली अभियंता नव्या प्रकल्पासाठी स्वतःचे नाव पुढे करत नाही, बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यातला पर्यवेक्षक वरची जागा निघाली तरी साहेबांकडे शब्द टाकत नाही, आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. अशा माणसांविषयी आपला निष्कर्ष मात्र तयार असतो. तो आहे त्यात समाधानी आहे, तिला घरच जास्त प्रिय आहे, मुळात धमकच नाही, असे आपण म्हणतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, असे माझे मत आहे. नोकरीतली वाट स्वतः ठरवण्याची हिंमत ही केवळ स्वभावाची देणगी नाही. विवाहित माणसाच्या बाबतीत ती रोज संध्याकाळी घरी थोडी घडते किंवा थोडी झिजते, आणि म्हणून संसाराची प्रत हा नोकरीच्या चर्चेतला बाजूला सारण्याजोगा विषय नाही.

येथे दोन गोष्टींत फरक करायला हवा. हातातले काम नीट करता येते हा विश्वास वेगळा, आणि आपल्या नोकरीचे पुढे काय करायचे हे आपण ठरवू शकतो, मागू शकतो, प्रसंगी बदलू शकतो हा विश्वास वेगळा. पहिला विश्वास कामातूनच येतो. वीस वर्षे फेरफाराच्या नोंदी तपासणाऱ्या कारकुनाला किंवा मेडिकलच्या वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या परिचारिकेला आपल्या कामाविषयी कुणाकडून धीर घ्यावा लागत नाही. पण तीच परिचारिका पुढच्या शिक्षणासाठी रजा मागताना अडखळते, तोच कारकून विभागीय परीक्षेचा अर्ज भरायचा म्हटला की ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणतो. कौशल्य भरपूर आणि स्वतःच्या वाटचालीवर पकड जवळजवळ नाही, अशी माणसे आपल्या कार्यालयांत जितकी आढळतात तितकी कामात कच्ची माणसेही आढळत नसतील.

या दुसऱ्या विश्वासाचा अभ्यास मानसशास्त्रात बराच झाला आहे. त्याचा पाया अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या विचारात आहे. एखादी गोष्ट आपल्याला जमेल ही धारणा माणसात चार वाटांनी येते, असे त्यांनी सांगितले. आधी स्वतः केलेल्या यशस्वी कृतीतून, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ती करताना पाहिल्यातून, विश्वासाच्या माणसाने दिलेल्या भरवशातून, आणि त्या क्षणीच्या शरीर-मनाच्या अवस्थेतून. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी हाच विचार व्यवसायनिवडीला लावला. त्यांनी तपासलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत मुलामुलींच्या भाषा आणि गणिताच्या क्षमतेत म्हणावा असा फरक नव्हता, तरीही पुरुषांची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायांबाबत मुलींचा स्वतःवरचा भरवसा मुलांपेक्षा कमी होता. क्षमता असूनही वाट बंद वाटते, ही गोष्ट तेव्हाच स्पष्ट झाली होती. मुलीला अठराव्या वर्षी जे वाटते ते तिच्या माहेराने आणि शाळेने घडवलेले असते. पस्तिसाव्या वर्षी जे वाटते त्यात नवऱ्याचा, सासरचा आणि एकूण संसाराचा वाटा फार मोठा असतो, आणि पुरुषाच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे.

बांडुरांच्या चार वाटांपैकी भरवशाच्या शब्दांची वाट सर्वांना लगेच सुचते. जोडीदाराने प्रोत्साहन द्यावे, हे कोणीही सांगेल. पण मला अधिक परिणामकारक वाटते ती चौथी वाट, शरीर आणि मनाच्या अवस्थेची, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. घरात चार दिवस अबोला असेल, रात्री झोप लागत नसेल, सकाळी डब्याच्या घाईत टोमणा ऐकून माणूस बाहेर पडला असेल, तर कार्यालयात त्याला एक जडपणा जाणवतो. हा जडपणा कुठून आला याचा हिशेब माणूस ठेवत नाही. समोर नव्या जबाबदारीचा प्रस्ताव आला की तो जडपणालाच आपली कुवत समजतो आणि म्हणतो, आता नाही जमणार. थकव्याला तो स्वतःची मर्यादा मानतो. असे एकदा घडले तर काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे घडत राहिले तर ‘आपण त्यातले नाही’ अशी स्वतःविषयीची कायमची समजूत बनते, आणि मग घरातला ताण निवळला तरी ती समजूत जात नाही. उलटही घडते. ज्या घरात माणसाला निवांत झोपता येते, चुकलेल्या दिवसाविषयी मोकळेपणाने बोलता येते, तिथून निघालेल्याला तोच प्रस्ताव अवघड असला तरी आपल्या आवाक्याबाहेरचा वाटत नाही.

भरवशाच्या शब्दांविषयीही थोडे बारकाईने बोलले पाहिजे. माझ्या परिचयात एकाच कार्यालयातल्या दोन अव्वल कारकून आहेत. नायब तहसीलदार व्हायचे तर महसूल अर्हता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि त्यासाठी जमीन महसूल अधिनियमाची कलमे, नियमपुस्तिका, शासन निर्णय असा बराच ऐवज डोक्यात ठेवावा लागतो. पहिलीचा नवरा शिकलेला, चांगल्या नोकरीत, स्वभावाने शांत. त्याने कधी विरोध केला नाही. ‘तू परीक्षा दे ना, मी कुठं नाही म्हणतो’ हे त्याचे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. ते वाक्य तो दिवाणावर बसून, मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, आणि आत कुकरची तिसरी शिट्टी होत होती. दुसरीचा नवरा वाडीच्या एका गोदामात हिशेब पाहतो, शिक्षण बेताचे. त्याला अधिनियमातले काही कळत नाही. पण रात्री जेवणे झाल्यावर तो पुस्तक हातात धरतो, बायको भांडी आवरता आवरता कलम १५० म्हणते, कलम १५५ म्हणते, आणि तो ओळीवर बोट ठेवून ऐकतो. मध्येच थांबवून ‘इथं अजून एक ओळ राहिली तुझी’ असे सांगतो. भांडी तीच घासत होती हेही मी नमूद करतो, कारण या घराला आदर्श म्हणून मांडण्याचा माझा हेतू नाही. मात्र तिचा अभ्यास ही त्या घरातली दोघांची गोष्ट झाली होती. पहिली बाई कार्यालयीन कामात दुसरीपेक्षा निःसंशय सरस आहे. अर्जाची मुदत मात्र तिने जाऊ दिली. तिला परवानगी होती आणि ती पुरेशी नव्हती, कारण परवानगी देणारा माणूस त्या कामाबाहेर उभा राहतो. बांडुरांनी सांगितलेला भरवसा बोलणाऱ्याच्या वागण्यातून खरा ठरतो. शब्द कितीही चांगले असले तरी त्यामागे वेळ आणि हात नसतील, तर ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

याच्या दुसऱ्या टोकाला एक संसार असतो, जो बाहेरून अतिशय चांगला दिसतो आणि तरीही जोडीदाराचा भरवसा हळूहळू खाऊन टाकतो. बायकोचे सगळे कागद नवराच पाहतो. तिच्या पगाराचे खाते, भविष्य निर्वाह निधीचा अर्ज, आयकराचे विवरण, बदलीचा विनंती अर्ज, इतकेच काय, साहेबांना पाठवायचा संदेशसुद्धा तोच लिहून देतो. त्यात प्रेम असते, काळजीही असते. ‘तिला काही टेन्शन घ्यावं लागत नाही’ असे तो अभिमानाने सांगतो आणि तीही कौतुकाने ऐकते. पण स्वतः केलेल्या कृतीतून येणारा विश्वास, जो बांडुरांच्या मते सर्वांत टिकाऊ असतो, तो तिला कधी मिळतच नाही. वीस वर्षांच्या नोकरीनंतर तिला आपल्या सेवापुस्तिकेत काय लिहिले आहे हे माहीत नसते. दुर्दैवाने नवरा गेला किंवा संसार मोडला, तर ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा आस्थापना शाखेच्या टेबलापुढे एकटी उभी राहते. भांडण नाही, आवाज नाही, म्हणून संसार उत्तम, हा आपला जुना मापदंड येथे अपुरा पडतो. संसाराची प्रत ठरवताना त्यात शांतता किती आहे याबरोबर दोघांची उभे राहण्याची ताकद त्यात वाढते की घटते, हेही पाहिले पाहिजे.

पुरुषांच्या वाट्याला येणारी कोंडी निराळी असते. आपल्याकडे घर चालवणे ही पुरुषाची जबाबदारी मानली जाते आणि त्याने ती आनंदाने पत्करावी असे गृहीत धरले जाते. फ्लॅटचा हप्ता, मुलांच्या शाळेचे शुल्क, आईवडिलांची औषधे हे सगळे एका पगारावर उभे असेल, तर त्या पगाराला हात लागेल असा कोणताही निर्णय घेण्याची हिंमत त्याच्यात उरत नाही. नोकरी सोडून काही सुरू करणे दूरच, आहे त्या ठिकाणी वरिष्ठांच्या चुकीच्या निर्णयाला हरकत घेणेही त्याला परवडत नाही. ही भीती तो घरी बोलू शकत नाही, कारण पुरुषाने घाबरायचे नसते. बायको कमावती असेल, किंवा कमावती नसली तरी घरखर्चाचा आणि भीतीचा हिशेब त्याच्यासोबत करणारी असेल, तर तोच माणूस वर्षभराच्या अनिश्चिततेला तोंड द्यायला तयार होतो. बायकोला बरोबरीचे स्थान देणे म्हणजे पुरुषाने काही सोडणे, असे अजूनही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या बरोबरीने त्याचे स्वतःचे नोकरीतले पाऊल मोकळे होते.

ही बरोबरीची गोष्ट नागपुरात नवी नाही. जुलै १९४२ मध्ये याच शहरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो स्त्रियांसमोर भाषण केले. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ताकद येईपर्यंत त्यांच्यावर लादू नका, असे त्यांनी सांगितले. आणि लग्न करणाऱ्या प्रत्येक मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून त्याच्यापुढे उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा, असेही सांगितले. त्या श्रोत्यांपैकी बहुतेक स्त्रिया कष्टकरी होत्या. त्यांच्या मुलींनी आणि नातींनी पुढे शिकून शाळांत, रेल्वेत, बँकांत, रुग्णालयांत नोकऱ्या मिळवल्या, ही गोष्ट शहराच्या उत्तर भागातल्या कितीतरी घरांत आजही सांगितली जाते. बाबासाहेबांनी लग्नाचा विचार आर्थिक क्षमता आणि मैत्री या दोन गोष्टींना जोडून मांडला होता. संसार आणि नोकरी ही दोन वेगळी खाती आहेत, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी हे भाषण मुळातून वाचावे.

बरोबरीचे प्रत्यक्षात काय झाले, याचे मोजमापही उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाची नऊ. दोघांतले अंतर जवळजवळ होते तेवढेच राहिले. हे देशपातळीवरचे आकडे आहेत, त्यांत नोकरी करणाऱ्या आणि न करणाऱ्या दोन्ही स्त्रिया येतात, त्यामुळे ते एखाद्या नोकरदार जोडप्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही परीक्षा, प्रशिक्षण, नव्या कामाची तयारी या गोष्टी ज्या मोकळ्या वेळात होतात, तो वेळ कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे समजायला ते पुरेसे आहेत.

आतापर्यंत मी घराविषयी बोललो. पण संसाराची प्रत केवळ नवरा-बायकोच्या समजूतदारपणावर ठरत नाही. तिच्यावर नोकरीच्या रचनेचा थेट हात असतो, आणि येथे हा प्रश्न सार्वजनिक होतो. विदर्भातल्या सरकारी नोकरदारांच्या आयुष्यात ‘अप-डाऊन’ नावाचा एक मोठा अध्याय असतो. एक जण नागपुरात, दुसरा वर्ध्याला किंवा भंडाऱ्याला, पहाटेची गाडी, रात्रीची परती, आणि आठवड्यातून एखादा दिवस एकमेकांशी धड बोलण्यासाठी. गडचिरोली किंवा गोंदियाच्या आतल्या तालुक्यात नेमणूक असेल तर तेही नाही. उमरेड, सावनेर भागातल्या कोळसा खाणींत पाळ्या फिरत्या असतात. नवरा नाईट करून सकाळी येतो तेव्हा बायको शाळेत शिकवायला निघालेली असते, आणि दोघांचे बोलणे फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठीतून आणि मुलांच्या तोंडून होते. या जोडप्यांमध्ये प्रेम कमी असते असे नाही. एकमेकांच्या नोकरीविषयी बोलायला लागणारी सलग अर्धा तास शांतता मात्र त्यांना मिळत नाही, आणि मोठे निर्णय त्या अर्ध्या तासात होत असतात.

शासनाने याचा अजिबात विचार केलेला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्याच्या बदली अधिनियमाने सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये व्हाव्यात असे सांगितले, म्हणजे शाळा आणि घर यांची घडी मध्येच मोडू नये. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाची सोय आली आणि दोघांच्या शाळांमधले ३० किलोमीटरचे अंतर हा निकष प्रत्येक शिक्षक दाम्पत्याला पाठ झाला. केंद्र सरकारनेही २००९ मध्ये पती-पत्नीला शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे असे निर्देश पुन्हा दिले. हे सगळे चांगलेच आहे. पण या सोयींमागची कल्पना दोघे एका गावात राहावेत इथपर्यंतच पोहोचते. एका गावात राहून घरचा भार कोणी उचलायचा, याविषयी नियमांचे मन जुनेच आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा लागू केली ती महिला कर्मचाऱ्यांना. पुरुष कर्मचाऱ्याला ती केव्हा, तर पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. बायको धडधाकट असताना, ती विभागीय परीक्षेला बसली असताना, किंवा तिची पदोन्नतीनंतरची पहिली नेमणूक बाहेरगावी झाली असताना बापाने मूल सांभाळायचे ठरवले, तर त्या बापासाठी या नियमात जागा नाही. खासगी क्षेत्रात तर पितृत्व रजेचा कायदाच नाही. प्रसूती लाभ अधिनियमात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. पण मूल सांभाळणे हे आईचेच काम, हा त्यातला गाभा तसाच राहिला. चांगला संसार करू पाहणाऱ्या पुरुषालाही मग नियमांशी झगडूनच तो करावा लागतो.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, संसार वाईट असूनही नोकरीत उत्तुंग काम करणारी माणसे आपण पाहतो. हे खरे आहे. घरी मन रमत नाही म्हणून माणूस कार्यालयात रात्री उशिरापर्यंत बसतो, अवघड नेमणूक स्वतःहून मागून घेतो आणि लोक त्याची वाहवा करतात. तरी जवळून पाहिले तर त्याचे निर्णय अनेकदा घरापासून दूर राहता यावे एवढ्यासाठीच झालेले असतात. नोकरी त्याला कुठे न्यायची आहे, याचे उत्तर त्याच्याकडे नसते. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे. संसारामुळे नोकरीतला विश्वास वाढतो की नोकरी नीट चालल्यामुळे संसार सुखाचा होतो, हे कसे ठरवायचे? काम सुटलेल्या माणसाच्या घरी भांडणे वाढतात, हे तर रोजचे आहे. परिणाम दोन्ही दिशांनी होतो हे मला मान्य आहे. तरीही घराकडून नोकरीकडे जाणारी वाट खरी आहे, असे मानायला आधार आहे. ब्रिटनी सॉलोमन आणि जोशुआ जॅक्सन यांनी ऑस्ट्रेलियातल्या हजारो विवाहितांच्या पाच वर्षांच्या माहितीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचा जोडीदार नेटका, कामसू आणि जबाबदारी ओळखणारा होता, त्यांना पुढे नोकरीत अधिक समाधान, अधिक उत्पन्न आणि बढतीची अधिक शक्यता मिळाल्याचे त्यात दिसले, आणि स्त्री-पुरुष दोघांच्या बाबतीत दिसले. ऑस्ट्रेलियातले निष्कर्ष नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या एकत्र कुटुंबाला तंतोतंत लागू होतील असे मी म्हणत नाही. आपल्याकडे सासू, दीर, नणंद हे सगळे त्या जोडीदाराच्या बाजूला उभे असतात, आणि नातवंडांना निगुतीने सांभाळणाऱ्या सासूच्या बळावर कितीतरी सुना मुख्याध्यापिका आणि शाखा व्यवस्थापक झाल्या आहेत. घरातल्या माणसांची घडण नोकरीपर्यंत पोहोचते, एवढी गोष्ट मात्र त्या अभ्यासातून नक्की कळते.

या विचाराचा एक गैरवापर होऊ शकतो आणि त्याविषयी मला काळजी वाटते. संसाराचा नोकरीवर परिणाम होतो म्हणून मालकाने संसारात डोकावावे, असा अर्थ कोणी काढू नये. आजही मुलाखतीत मुलींना लग्न झाले का, नवरा कुठे असतो, मूल किती वर्षांचे आहे, असे प्रश्न विचारले जातात, आणि घटस्फोटित उमेदवार म्हटली की समोरच्यांच्या नजरा बदलतात. हे अपमानकारक आहे. संसार टिकलाच पाहिजे, असाही माझ्या म्हणण्याचा अर्थ नाही. छळ सोसत, मारहाण लपवत नोकरी करणाऱ्या बाईला कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढल्यावरच पहिल्यांदा आपल्या पगाराचे आणि आपल्या बदलीचे निर्णय स्वतः घेता येतात, असे घडलेले मी पाहिले आहे. वाईट संसारातून बाहेर पडणे हादेखील स्वतःवरचा भरवसा परत मिळवण्याचा मार्ग आहे. अविवाहित आणि एकल माणसांना हाच आधार बहीण, मित्र, शेजारी देतात. मालकाने कोणाचे लग्न कसे चालले आहे हे विचारू नये. त्याने पाळीचा तक्ता निदान महिनाभर आधी लावावा, बैठका साडेसहानंतर ठेवू नयेत, आणि बढतीचा प्रस्ताव देऊन ‘उद्यापर्यंत सांगा’ म्हणण्याऐवजी घरी बोलायला आठवडाभर द्यावा. शासनाने पदोन्नतीनंतरच्या नेमणुकीचे ठिकाण होकार मागण्यापूर्वी कळवावे, आणि बालसंगोपन रजेतली ती अट काढून पुरुषांनाही तिचा काही भाग द्यावा. यासाठी कोणाच्या खासगी आयुष्याची चौकशी करावी लागत नाही.

घरांनी करण्याचे काम लग्नाच्याही आधी सुरू होते. नागपुरात जवळजवळ प्रत्येक समाजाचे परिचय मेळावे भरतात. सभागृहे गच्च भरतात, मुले-मुली व्यासपीठावर येऊन शिक्षण, पगार आणि अपेक्षा सांगतात, आणि आईवडील पुस्तिकेत पेन्सिलने खुणा करतात. मुलीला तिथे एक प्रश्न हमखास येतो, लग्नानंतर नोकरी करणार का. मुलाला तो येत नाही. तुझी बदली बाहेर झाली तर मी काय करायचे, माझी झाली तर तू काय करशील, मी परीक्षेला बसले तर संध्याकाळचा स्वयंपाक कोण पाहील, तू नोकरी बदलायची म्हटलीस तर वर्षभराचा खर्च कसा चालवायचा, हे प्रश्न दोघेही एकमेकांना विचारत नाहीत, कारण असे काही विचारणे पहिल्या भेटीत शोभत नाही अशी समजूत आहे. रंग, उंची आणि शेती किती एकर हे विचारायला संकोच वाटत नसेल, तर हे विचारायला का वाटावा? मेळाव्यांच्या आयोजकांनी पुस्तिकेतल्या ‘अपेक्षा’ या रकान्याखाली ‘जोडीदाराच्या नोकरीसाठी मी काय करायला तयार आहे’ असा आणखी एक रकाना छापावा, आणि तो मुला-मुली दोघांनी भरणे सक्तीचे करावे. पुढच्या हंगामाच्या पुस्तिका छापखान्यात जाण्यापूर्वी एवढा बदल सहज होऊ शकतो.